सकाळी सातचा आकडा

९ जून

मद्रासच्या सोनार मंडळाकडून दर दिवाळीला भेट मिळालेल्या डायऱ्या ट्रंकेत कोऱ्या पडल्या होत्या. त्यातली एक आज काढली. तारखा जुन्या आहेत, त्या खोडून नव्या घालतो आहे. मुलगा शिवतेज चेन्नई म्हणतो, मी मद्रासच म्हणणार. छत्तीस वर्षं तिथं गलाईचं दुकान चालवलं, नाव बदलताना मला कुणी विचारलं नव्हतं.

गलाई म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणं. विट्याच्या आसपासची निम्मी घरं याच धंद्यावर उभी आहेत. लोकांना वाटतं आम्ही सोन्यात लोळतो. खरं म्हणजे आम्ही केरात लोळतो. सोनाराच्या दुकानातला केर आणायचा, जाळायचा, राख चाळून धुवायची, तळाशी राहील ते सोनं. म्हणून गलाईवाल्याच्या घरात केर कधी फेकत नाहीत, जाळतात.

मद्रासचे डॉक्टर म्हणाले, आप्पासो, खोकला बरा व्हायचा असेल तर भट्टी बंद करा, नाहीतर गावी जा. भट्टी बंद करणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून गावी आलो. दुकान आता मुलगा बघतो.

जीव अडकलाय तो साक्षीत. नात आठ वर्षांची, पण दम्यामुळं सकाळ-संध्याकाळ तोंडात पंप. मी निघताना म्हणालो, पोरीला माझ्याबरोबर विट्याला द्या, माळाची हवा लागली की महिन्यात पंप फेकून देईल. सून राजेश्वरी बी.एस्सी. आहे. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तिनं दोन यंत्रं मागवली, हवा किती खराब आहे त्याचा आकडा दाखवणारी. एक त्यांच्या गच्चीवर, एक माझ्या पिशवीत. पन्नासपर्यंत हिरवा दिवा, शंभरापर्यंत पिवळा, त्यापुढं लाल. रोज सकाळी सातला दोन्हीकडून यंत्राचा फोटो पाठवायचा. ज्या गावाचे दिवस जास्त चांगले निघतील, साक्षी त्या गावच्या शाळेत. आणि विटा हरलं तर मी आणि माझी बायको बनूनं मुकाट्यानं मद्रासला परत यायचं.

हे कधीपर्यंत करायचं, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, भोगीपर्यंत. संक्रांतीनंतर शाळांचे प्रवेश सुरू होतात असं कारण सांगितलं. खरं कारण इथं लिहितो. भोगीच्या पहाटे मद्रासचे लोक जुन्या चटया, टोपल्या, कपडे घरापुढं जाळतात आणि सगळं शहर धुरानं भरून जातं. म्हणजे शेवटचा दिवस आपलाच. इतकी वर्षं धंदा केलाय, काही डोकं असेल की नाही.

११ जून

पहिला आकडा. विटा बावीस. मद्रास एकसष्ट. मी यंत्राच्या हिरव्या दिव्याचे तीन फोटो पाठवले.

आमचा वाराच तसा आहे. पश्चिमेकडून पावसाळी वारा निघतो, पाऊस सगळा कोयनानगरात सांडतो आणि हलका होऊन आमच्या माळावर येतो. डोंगरावरच्या पवनचक्क्या दिवसरात्र गरगरत असतात. बनूनं दोरीवर वाळत घातलेलं माझं धोतर आज शाळेच्या झेंड्याला जाऊन अडकलं. यापुढं मद्रासनं काय टिकाव धरायचा.

पहाटे पाचला उठतो, अंगण झाडतो आणि केर घराच्या पूर्वेला परड्यात नेऊन पेटवतो. बनू म्हणते, खड्ड्यात टाका, कुजून खत होईल. तिला यातलं कळत नाही. माझे गुरू ज्ञानूमामा, ज्यांच्याकडं मी पोरसवदा असताना हा धंदा शिकलो, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: केर पहाटेच पेटवायचा. समुद्रकाठी पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडं जातो, धूर कुणाला दिसत नाही. दुपारी वारा उलटतो, मग तोच धूर गल्लीत येतो आणि शेजारी महापालिकेत जातात. मी हा नियम छत्तीस वर्षं पाळला. शेजाऱ्याची एक तक्रार नाही. गावी आलो म्हणून शिस्त सोडायची काय?

शिवाय परवा राख चाळताना बनूच्या जोडव्याचा तुकडा सापडला. चांदी का होईना.

२० जून

विटा एकोणीस, मद्रास सत्तर.

परड्यापलीकडं कोंडीबाचं घर. तो फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि अजून सकाळी अंगणात एकटाच कवायत करतो. आज बांधावर येऊन म्हणाला, "आप्पा, सकाळच्या पारी डोळं लय चुरचुरत्यात रं. कवायतीत पाणी येतंय. बायकू म्हणती, रडतुयास का?"

मी त्याचे डोळे बघितले. लालभडक. वयाचा परिणाम, मी सांगितलं. सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखव, हयगय करू नको. शेजारधर्म म्हणून एक असतो.

६ जुलै

आज साक्षीनं स्वतः फोन करून आकडा सांगितला. तिकडचा अठ्ठावन्न, आपला सोळा. हरल्याचं तिला काही वाटत नाही, उलट हसते. मग म्हणाली, आबा, मी आठवडाभर पंप घेतलाच नाही.

डोळ्यांत पाणी आलं. मी निघताना रेवणसिद्धाला नारळ बोललो होतो, त्याचंच हे फळ. उद्याच रेणावीला त्याच्या देवळात जाऊन फोडून येतो.

शिवतेजचं वागणं मात्र पटलं नाही. गच्चीवर भट्टीच्या जागी त्यानं कुंड्या मांडल्या आहेत. मोगरा, तुळस आणि टोमॅटो. मी विचारलं, मग दुकानातला केर कुठं जाळतोस? बघतो त्याचं, म्हणाला आणि विषय बदलला. तीस दिवसांत पोरगा धंदा विसरला.

१५ ऑगस्ट

विट्याची घोडदौड चालू. सहासष्ट दिवसांत एकदाही हार नाही. मद्रासला म्हणे या दिवसांत पाऊस नुसता तोंड दाखवतो, पश्चिमेचा कोरडा वारा धूळ आणतो, आणि समुद्राचा वारा दुपारपर्यंत येतच नाही. मी साक्षीसाठी विट्याच्या शाळेचा फॉर्म आणून ठेवला. गणवेशाचा रंगही विचारून आलो.

कोंडीबा सांगलीला जाऊन आला. डॉक्टरांनी थेंब दिलेत, दिवसातून चारदा. झेंडावंदनाला तो काळा चष्मा लावून आला होता. सलामी दिली तेव्हा लोकांना वाटलं कोणी मोठा साहेब आला आहे.

२ ऑक्टोबर

विटा एकोणऐंशी, मद्रास चोपन्न.

पिवळा दिवा मी प्रथमच बघितला. यंत्र आपटून बघितलं, पुन्हा एकोणऐंशी. पवनचक्क्या थांबल्या आहेत. वारा पडला आहे, आणि जो थोडाफार येतो तो उलटा, पूर्वेकडून.

कोंडीबा मात्र खुशीत. डोळे पंधरा दिवसांत स्वच्छ झाले, थेंब लय भारी निघाले म्हणाला. मी म्हणालो, सल्ला कुणाचा होता? त्यानं मला कडक सलाम ठोकला. उरलेली बाटली त्यानं मला दिली, कारण कालपासून माझे डोळे चुरचुरताहेत. साथ असणार.

१८ ऑक्टोबर

विटा एकशे बारा, लाल. मद्रास एकवीस.

राजेश्वरीनं फोनवर समजावलं. आपला पाऊस संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. वारा उलटून बंगालच्या उपसागरावरून येतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर मद्रासला धुऊन काढतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. छत्तीस पावसाळे तिथं छत्री घेऊन काढलेत. पण पाऊस म्हणजे गुडघाभर पाण्यातून दुकान गाठणं एवढंच मला ठाऊक. तो हवा धुतो म्हणजे आपल्या विरुद्ध पक्षाचा आहे हे आज कळलं.

ती असंही म्हणाली की डोंगरामागच्या गावात हिवाळ्यात गार हवा जमिनीलगत बसून राहते आणि पहाटे जे काही जळतं त्याचा धूर ऊन तापेपर्यंत तिथंच राहतो. मग हळूच विचारलं, "आबा, सकाळी घराजवळ काय पेटवत्यात का कुणी?"

मी नीट विचार करून सांगितलं की कोंडीबा अंघोळीसाठी बंब पेटवतो. त्यात लाकडं, कणसाची बुरकुंडं, कधीकधी रबरी चप्पलसुद्धा घालतो. ती नुसतं बरं म्हणाली आणि फोन ठेवला. कामात असेल.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. काल तिकडची दिवाळी, फटाक्यांनी दोनशे चौतीस. आपला एकशे एकेचाळीस. जिंकलो. राजेश्वरी म्हणाली, दिवाळीचा दिवस धरायला नको. मी म्हणालो, हवा काय सण बघून येते? धरलाच पाहिजे. तिनं धरला.

१ डिसेंबर

मद्रासला वादळ. घरातली वीज गेलेली, गल्लीत पाणी, आणि साक्षी खिडकीशी उभी राहून टॉर्चच्या उजेडात आकडा वाचते आहे: नऊ. छत्तीस वर्षांत तिथल्या हवेचा इतका राग आला नव्हता.

आपला एकशे साठ.

पोरीचा आवाज इतका मोकळा झालाय की ओळखू येत नाही. पूर्वी एका वाक्यात दोनदा थांबायची. आता शाळेत पळण्याच्या शर्यतीत नाव दिलंय. वादळ-पावसात असून तिला बरं वाटतंय आणि मी कोरड्या माळावर खोकतोय. आज रेवणसिद्धाला दुसरा नारळ बोललो, स्वतःसाठी.

९ डिसेंबर

हिशेब जुळत नाही म्हणून कारणं शोधायला लागलो. पहिला संशय साखर कारखान्याच्या धुराड्यावर. गाडीवरून बघून आलो. तो बारा मैलांवर आणि धूर जातोय तिसरीकडंच. दुसरा उसाच्या पाचटावर. या आठवड्यात शिवारात कुणी पाचट पेटवलेलं नाही. राहिला कोंडीबाचा बंब.

त्याच्या अंगणात जाऊन स्पष्ट बोललो. तुझ्या बंबापायी माझी नात येता येता राहील. बोलला असता तर भांडण झालं असतं असं खूप काही कोंडीबाच्या तोंडावर आलं असावं. पण तो एवढंच म्हणाला, "पोरीसाठी व्हय? मग आठ दिस गार पाण्यानं करतो. बर्फात केल्यात आंगुळ्या."

असा शेजारी मिळायला नशीब लागतं.

१७ डिसेंबर

कोंडीबाचा बंब आठ दिवस बंद. आकडा एकशे अडुसष्ट.

कोंडीबाला ताप भरलाय. बर्फात केलेल्या अंघोळी तिसाव्या वर्षी केल्या होत्या, आता तो अडुसष्ट वर्षांचा आहे. त्याच्या बायकोनं आज माझ्याकडं बघून बांधावर पाण्याची चूळ टाकली. बनू काढा घेऊन गेली आणि बराच वेळ तिकडं बसली. आल्यावर मला म्हणाली, "बंबाचं झालं. आता परड्याचं बघा."

परड्यात काय आहे बघण्यासारखं? गोठा आहे, आणि म्हैस कधी धूर सोडत नाही. बायका एकत्र बसल्या की काहीतरी निघतंच.

२१ डिसेंबर

आज एक गोष्ट केली, ती लिहून मोकळा होतो. यंत्र सातला पाच कमी असताना फ्रीजमध्ये ठेवलं. सातला दार उघडून आतच फोटो घेतला. चोवीस, हिरवा. पाठवला.

दहा मिनिटांनी राजेश्वरीचं उत्तर आलं. आकड्याखाली तापमानही दिसतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं लिहिलं होतं, आबा, विट्यात सहा अंश म्हणजे थंडी फारच पडली, स्वेटर घालत जा.

नशीब, तिच्या लक्षात आलं नाही. पण मन खायला लागलं. दुपारी फोन करून सांगितलं की यंत्र बिघडलं होतं, आजचा दिवस मद्रासला द्या.

४ जानेवारी

बनूनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज कोण जिंकलं ते लिहून ठेवलंय. आज सगळं मोजलं. जूनपासून मिळवलेलं सगळं हिवाळ्यानं खाल्लं. असंच चाललं तर भोगीला दोघं बरोबरीत येणार.

आणि आनंदाची बातमी म्हणजे राजेश्वरी साक्षीला घेऊन बारा तारखेला येते आहे. भोगीच्या धुरात तिला दरवर्षी त्रास होतो, म्हणून या वर्षी तिला विट्याच्या चांगल्या हवेत आणते, असं म्हणाली. चांगल्या हवेत, हे तिचेच शब्द. शिवतेज दुकानासाठी तिकडं राहील आणि सातचा आकडा तोच कळवेल.

म्हणजे भोगीला तिकडं सगळं शहर पेटलेलं आणि इथं पोर माझ्या अंगणात. निकाल लागल्यातच जमा आहे.

१२ जानेवारी

संध्याकाळी आल्या. साक्षी वीतभर उंच झाली आहे. गाडीतून उतरली ती थेट कोंडीबाच्या बांधापर्यंत पळत गेली आणि तशीच पळत परत आली. मी दार धरून उभाच राहिलो. तिला असं पळताना मी कधी बघितलं नव्हतं.

जिंकलेले दिवस आजवर विटा एकशे आठ, मद्रास एकशे आठ. बरोबरी. उद्या शेवटचा आकडा. पोरीनं यंत्र उशाशी घेऊन झोपायचा हट्ट धरला.

१३ जानेवारी, भोगी

जसं झालं तसं लिहितो.

पाचला उठलो. सणाची साफसफाई झालेली, त्यात घरी पाहुणे, म्हणून केर रोजच्या तिप्पट. जुन्या उशीतला कापूस, पिशव्या, पालापाचोळा, एक फाटकी चटई. अंगण आरशासारखं करून सगळं परड्यात नेलं आणि पेटवलं. आज विटा कसं स्वच्छ दिसलं पाहिजे. ओलं होतं, धुमसत राहिलं. काठीनं ढवळत उभा होतो. वारा नव्हताच. धूर दोन पुरुष वर गेला आणि तिथून आडवा होऊन घराकडं सरकायला लागला. थंडीत तो तसाच वागतो.

सातला साक्षीनं ओसरीवर यंत्र उघडलं. तिकडून शिवतेजचा आकडा आला होता, दोनशे चौसष्ट, भोगीचा. आपला दोनशे एक्क्याऐंशी. भोगीला मद्रासकडून हरलो.

पोर खोकत होती. पण ती आईची लेक आहे, यंत्र बिघडलंय असं म्हणाली नाही. यंत्र हातात धरून अंगणात उतरली आणि आकडा बघत चालायला लागली. गेटाकडं गेली, आकडा उतरला, मागं फिरली. कोंडीबाच्या बाजूला गेली, मागं फिरली. गोठ्याकडं आली तेव्हा आकडा चढायला लागला. तशी ती एकेक पाऊल टाकत माझ्यापर्यंत आली.

मी तिला बघितलं आणि ओरडलो, "लांब हो, लांब हो, धूर लागंल."

ती थांबली. यंत्र माझ्यापुढं धरलं आणि म्हणाली, "आबा, इथं चारशे बारा."

मी काठी टाकली. माझेच शब्द कानात होते.

मग तिला धाप लागली. सात महिन्यांत पहिल्यांदा. राजेश्वरीनं पिशवीतून पंप काढला. तो कुठं ठेवलाय हे तिला शोधावं लागलं. बनू परड्यात आली, पाण्याची घागर माझ्या विस्तवावर ओतली, आणि रिकामी घागर घेऊन पोरीकडं गेली.

दुपारपर्यंत पोर बरी झाली. भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी दोनदा मागून खाल्ली. माझी भाकरी मी म्हशीला घातली.

१४ जानेवारी, संक्रांत

काल दिवसभर एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. मद्रासच्या गच्चीवर पश्चिमेला माझी भट्टी आणि पूर्वेला साक्षीची खोली. ती खोली मीच हट्टानं दिली होती, समुद्राचा वारा लागेल म्हणून. पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडं जातो. ज्ञानूमामा म्हणायचे, धूर कुणाला दिसत नाही. वाटेत साक्षीची खिडकी होती.

म्हणून शेजाऱ्यांची तक्रार आली नाही. तक्रार करणारी आठ वर्षांची होती आणि तिला वाक्य पुरं करता येत नव्हतं.

आज तिळगूळ देताना राजेश्वरीला विचारलं, "मी गेल्यापास्नंच पोरीला बरं वाटलं, व्हय?"

तिनं वाटी खाली ठेवली. म्हणाली, "तुमी जावं असं कुणालाच वाटत नव्हतं, आबा. धूर जावा एवढंच वाटत हुतं."

मग आधी का सांगितलं नाहीस, असं विचारलं. तीनदा सांगितलं होतं म्हणाली. तिन्ही वेळा मी ज्ञानूमामांचा नियम ऐकवला होता. म्हणून तिनं यंत्रं मागवली. तिला वाटलं, तिच्यापेक्षा यंत्राचं ऐकेन. यंत्राचंही ऐकायला मला सात महिने लागले आणि ते मी एकदा फ्रीजमध्येही ठेवलं, असं तिला सांगून टाकलं. त्यावर ती हसली. त्या दिवशीच कळलं होतं म्हणाली, फोटोत मागं कोथिंबिरीची जुडी दिसत होती.

मीही हसलो, पण मध्येच रडू आलं. पोरीच्या समोर आलं, त्याला काय करणार. तिनं माझ्या हातावर तिळाची वडी ठेवली आणि आबा, गोड बोला, म्हणाली.

संध्याकाळी तिळगूळ घेऊन कोंडीबाकडं गेलो. डोळ्यांचं, बंबाचं, तापाचं, सगळ्याचं कारण सांगितलं आणि हात जोडले. तो म्हणाला, "ठाऊक हाय की. आठव्या दिशीच कळलं. पर तुज्या तोंडानं निघावं म्हणून थांबलो." त्याच्या बायकोनं चहा दिला. साखर नव्हती, पण दिला.

१६ जानेवारी

दोन दिवस केर पेटवला नाही. आकडा एकशे चार, मग सत्त्याऐंशी. बाकी गावाचे बंब आहेतच, सगळा दोष माझा नव्हता हे इथं नोंदवून ठेवतो. पण बराचसा होता. डोळे चुरचुरायचे थांबले. खोकलाही कमी वाटतो. थेंबांची बाटली कोंडीबाला परत दिली. आता ती दोघांनाही नको आहे.

१८ जानेवारी

पैजेप्रमाणे विटा एका दिवसानं हरलं. उद्या चौघंही निघतो. बनूनं पातळांच्या घड्या करून कधीच बांधून ठेवल्या आहेत, म्हणजे तिला निकाल माझ्या आधी माहीत होता. मेमध्ये पश्चिमेचा वारा सुरू झाला की आम्ही दोघं परत इकडं येणार, पवनचक्क्या थांबल्या की तिकडं जाणार. तेव्हा सुट्टीत साक्षीही येईल, तिनं कोंडीबाकडून कवायत शिकायचं ठरवलं आहे.

आज पहाटे शेवटचं अंगण झाडलं. सवयीनं हात काडेपेटीसाठी खिशात गेला. खिसा रिकामा होता, बनूचं काम. सगळा केर उचलून खड्ड्यात टाकला. राख नाही, चाळणं नाही, धुणं नाही. आत काही असेल तर असू दे, असं म्हणून मागं न बघता परत आलो. छत्तीस वर्षांत असं पहिल्यांदाच केलं.

साक्षी ओसरीवर यंत्र घेऊन बसली होती. सातला म्हणाली, एकोणपन्नास. हिरवा.

मी तिला एक मागणी घातली. मद्रासला गेल्यावर गच्चीवरची पूर्वेची खोली मला दे आणि तू खाली आजीजवळ झोप. तिनं बराच विचार करून हो म्हटलं. पहाटे त्या खिडकीतून काय येतं ते आता मी उठून बघणार आहे. शिवतेज म्हणतो, मोगऱ्याचा वास येतो.